फौजीशी लग्न: तो निघण्याआधी उरकावे की परतल्यावर करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी गोव्यातल्या डिचोलीची, वय 24, नोकरी करते. मुलगा शेजारच्या सत्तरी तालुक्यातला, मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई, सेवा सहा वर्षे झालेली. तीन वर्षांची ओळख, दोन्ही घरांची संमती. दोन महिन्यांनी त्याची पलटण लडाखला जाणार आहे आणि त्याआधी त्याला 20 दिवसांची रजा मिळते आहे. घरचे म्हणतात, या रजेतच लग्न उरकून घेऊ. मुलीला वाटते, मंगळसूत्र गळ्यात असले की वाट बघायला तिला बळ येईल आणि तिकडे उभे राहायला त्यालाही. पण गेले काही आठवडे तो फोनवर तुटक बोलतो. त्याचे मन बदलले का, आणि लग्न आत्ता करावे का, असे तिने विचारले आहे.

फोनचे आधी सांगते. तुटक बोलण्यावरून प्रेमाचा हिशेब मांडू नका. पलटण हलते तेव्हा सामानाची बांधाबांध, शस्त्रांची मोजदाद, वैद्यकीय तपासणी, थंडीचे कपडे, नव्या जागेचे प्रशिक्षण हे सगळे एकाच वेळी अंगावर येते. शिवाय कुठे, कधी, कोणत्या वाटेने जाणार हे त्याला बोलता येत नाही. ज्या गोष्टीने दिवसभर डोके भरलेले आहे तीच सांगायची नाही म्हटल्यावर बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

याखेरीज मनाचाही एक भाग आहे. अमेरिकी नौदलातल्या बायकांच्या अनुभवावरून 1987 साली अशा वियोगाचे सात टप्पे मांडले गेले. त्यातला पहिला जाण्याआधीच्या हुरहुरीचा आणि दुसरा अलिप्त होण्याचा. माणूस अजून इथेच असतो, पण मनाने एक पाऊल मागे घेतो. क्षुल्लक कारणावरून भांडणे होतात, कारण रागावून निघणे हे रडत निघण्यापेक्षा सोपे जाते. आपल्याकडच्या घरांतही हेच दिसते. तेव्हा ‘तू बदललास’ म्हणण्याऐवजी ‘निघायच्या तयारीचा ताण आहे ना?’ असे सरळ विचारा. यावर तो मोकळा झाला तर प्रश्न मिटला. नाही झाला तरी एवढ्यावरून निकाल लावू नका.

आता तुमच्या मनातल्या चित्राविषयी. गोव्यात युद्धाची आठवण म्हणजे डिसेंबर 1961 चे, पोर्तुगीजांविरुद्धचे युद्ध. 18 तारखेला सुरू झाले, 19 ला संपले, पणजीत तिरंगा चढला. अंजदीव बेटावर नौदलाचे 7 जण गेले, हे दर वर्षी मुक्तिदिनाला किती जणांना आठवते? छोटी, निर्णायक, जिंकलेली लढाई असे चित्र आपल्या मनात बसले आहे. त्यात भर पडते ती बेळगावच्या प्रशिक्षण सेंटरमधल्या कसम परेडची, म्हणजे प्रशिक्षण संपताना शपथ घेण्याच्या संचलनाची. आईवडील ती बघून चोर्ला घाटाने परततात आणि घरात भिंतीवर एक फोटो लागतो. त्या फोटोचा अभिमान बाळगावाच, तो कष्टाने कमावलेला असतो. पण लग्न फोटोशी होत नाही.

लडाखमधले दिवस कसे जातात ते नीट समजून घ्या. विमानातून लेहला, म्हणजे साधारण 11,500 फुटांवर उतरल्यावर लगेच कामाला लागता येत नाही. हवेत प्राणवायू कमी, म्हणून शरीर सवयीला आणावे लागते. 9,000 ते 12,000 फुटांसाठी 6 दिवस, त्यावर 15,000 फुटांपर्यंत 4 दिवस आणि त्याहून वर जायचे तर आणखी 4 दिवस. पहिले दोन दिवस निव्वळ आराम, मग हळूहळू चालणे, मग चढ. हे टप्पे गाळले तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठून धडधाकट तरुण दगावतो. या दिवसांत डोके दुखते, झोप लागत नाही, भूक मरते. तिकडून आलेला पहिला फोन रडका किंवा चिडका असेल, तर त्याचे कारण बहुधा उंची असते, तुम्ही नसता.

पुढे चौकीवर गेल्यावर बर्फ स्टोव्हवर वितळवून पाणी करायचे. मोजे ओले राहिले तर बोटे हिमदंशाने काळी पडतात, म्हणून ओले मोजे काढून अंगाच्या उबेत वाळवायचे आणि कोरडे चढवायचे, हे रोजचे काम. थंडीने बॅटरी भराभर उतरते. रात्री पहारा, दिवसा रसद वाहणे, बर्फ उपसणे, तारा दुरुस्त करणे. 13 एप्रिल 1984 पासून आपले सैन्य सियाचीनवर आहे आणि तिथे गोळीपेक्षा हवामानानेच जास्त माणसे नेली. लडाखमधल्या सगळ्याच चौक्या इतक्या कठीण नाहीत, पण शौर्य तिथे बहुतेक वेळा असेच दिसते: कंटाळा, थंडी आणि रोज तेच काम न चुकता करणे. अशा जागी मंगळसूत्राच्या आठवणीने बळ येते हे खोटे नाही. पण त्याहून मोठे बळ घरी सगळे मार्गी आहे या खात्रीने येते. घरी सासू-सुनेचे बिनसले आहे, बँकेचा हप्ता चुकला आहे, बायकोचे नाव कागदावर चढलेले नाही, हे डोक्यात घेऊन पहाऱ्यावर उभा राहणारा जवान स्वतःला आणि सोबत्याला धोक्यात घालतो.

वाट बघणे गोव्याला नवे नाही. बार्देश-साष्टीत बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांची घरे आहेत. तिथल्या बायकांशी एकदा निवांत बोला, पुस्तकात मिळणार नाही असे बरेच कळेल. फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. बोटीच्या कराराला शेवटची तारीख असते. फौजेत वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि जवानांना 30 दिवसांची नैमित्तिक रजा असली तरी रजा हा हक्क नव्हे. पलटणीचे ठरावीक बळ जागेवर ठेवावेच लागते, म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी मिळते आणि सीमेवर काही घडले तर रद्दही होते. लेहचे विमान हवामानाने उडाले नाही तर माणूस दोन-तीन दिवस अडकून पडतो. म्हणून चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो येणार असे गावभर सांगू नका. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला तो हवाच, असा हट्ट घरच्यांनीही धरू नये.

बोलण्याची पद्धत आत्ताच ठरवून घ्या. फोन लागला तर चार मिनिटे मिळतील असे धरून चाला. पहिल्या मिनिटात ज्यावर त्याचे उत्तर लागणार आहे ते विचारायचे, मग तब्येत, मग बाकीचे. भांडण फोनवर काढायचे नाही. लाइन मध्येच तुटली तर ते अर्धे भांडण पुढचा फोन लागेपर्यंत दोघांच्या डोक्यात वाढत राहते. पत्रेही लिहा. पत्ता 56 एपीओ किंवा 99 एपीओ (सैन्याचे टपाल कार्यालय) असा असेल, त्यावरून जागा कळत नाही आणि कळू नये. प्रत्येक पत्रावर कोपऱ्यात क्रमांक टाका, कारण तीन पत्रे एकदम पोचतात आणि रुसव्याचे पत्र समेटाच्या पत्रानंतर वाचले जाते. तो कुठे आहे, कधी निघाला, कुणाबरोबर आहे हे इन्स्टाग्रामवर कधीही नको, वर्दीतले जोडीचे रीलही नको. सैन्याने 2020 साली जवानांना फेसबुक-इन्स्टाग्रामसह 89 अ‍ॅप काढून टाकायला सांगितले ते उगाच नाही. ‘मी त्याच्या युनिटमधून बोलतोय’ म्हणत माहिती विचारणारा अनोळखी फोन आला तर ठेवून द्या आणि त्याला कळवा.

मे 2025 मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत टीव्हीवर काय काय दाखवले गेले ते तुम्ही पाहिलेच आहे. अशा वेळी टीव्ही बंद ठेवा. वाईट बातमी अधिकृतपणे युनिटकडून, कागदावर निकटचा नातलग म्हणून ज्याचे नाव आहे त्याच्याकडे येते. वाहिनीकडून नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवरूनही नव्हे.

आता खऱ्या अडचणीकडे येते. इथेच सर्वाधिक लग्ने फसलेली दिसतात. गोव्यात देवळात किंवा हॉलमध्ये लागलेले लग्न कायद्याने पुरे होत नाही. सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात दोन सह्या लागतात. पहिल्या सहीने लग्नाचा इरादा नोंदवला जातो. मधली मुदत गेल्यावर, कुणाची हरकत नसेल तर, साक्षीदारांसह दुसरी सही होते आणि मगच विवाहाचा दाखला मिळतो. जन्मदाखले, रहिवासी दाखले आणि साक्षीदारांची ओळखपत्रे आधीच गोळा करावी लागतात. जन्मदाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर ती दुरुस्ती आठवडे खाते.

20 दिवसांच्या रजेत हे कसे बिनसते ते बघा. त्यातले तीन-चार दिवस प्रवासात जातात. पहिला आठवडा खरेदी, पत्रिका, देवदर्शन आणि हॉलच्या मागे. पहिली सही आठव्या-नवव्या दिवशी होते. पंधराव्या दिवशी मुहूर्त. दुसरी सही ‘पुढच्या वेळी आलास की करू’ म्हणून राहते, कारण मधली मुदत संपायला दोन दिवस उरलेले असतात आणि त्याची गाडी सुटणार असते. गावाच्या नजरेत तुम्ही सून, कायद्याच्या नजरेत कुणीच नाही. दाखला नाही, म्हणून युनिटमध्ये लग्नाची नोंद नाही. ही नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या आदेशाने होते आणि तुमचे सगळे हक्क त्या एका ओळीवर उभे असतात: आश्रित म्हणून ओळखपत्र, पणजीच्या लष्करी किंवा वास्कोच्या नौदल रुग्णालयातले उपचार, कॅन्टीन, कुटुंबाच्या क्वार्टरचा अर्ज, नामनिर्देशन आणि वेळ आली तर पेन्शन. ती ओळ नसताना काही विपरीत घडले, तर दुःखाच्या दिवसांत लग्न सिद्ध करत फिरावे लागते.

मालमत्तेचे दोन शब्द. लग्नाआधी कायदेशीर रीतीने वेगळा करार केला नसेल तर गोव्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि हा करार लग्नानंतर बदलता येत नाही. अर्धा वाटा तुमचा स्वतःचा. त्याच्या पश्चात, मुले नसतील तर, उरलेल्या अर्ध्यात त्याचे आईवडील पुढे येतात. उलटही खरे आहे: सत्तरीतल्या वडिलोपार्जित जमिनीची वाटणी निघाली तर त्याच्याबरोबर तुमचीही सही लागेल, आणि तो लडाखला असेल तर त्याचे मुखत्यारपत्र लागेल. हे सासरच्यांना आधी ठाऊक नसले की नव्या सुनेकडे वेगळ्या नजरेने बघितले जाते. म्हणून दोन्ही घरांनी एकत्र बसून ते बोलून घ्यावे. वकिलाचा एक तास पुरतो.

मरणाविषयी बोलणे अपशकुन नाही. ज्या घरात हे एकदा नीट बोलले गेले त्या घरात ते पुन्हा पुन्हा भुतासारखे उठत नाही. लढाईत शत्रूच्या हातून मृत्यू आला तर उदारीकृत कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते, ते शेवटच्या वेतनाइतके असते. सेवेमुळे आलेल्या इतर मृत्यूला विशेष निवृत्तिवेतन, वेतनाच्या 60 टक्के. केंद्राची एकरकमी मदत सातव्या वेतन आयोगानंतर कारणानुसार 25, 35 किंवा 45 लाख. अति उंचीच्या चौकीवर हवामानाने गेलेला जवान 35 लाखांच्या गटात येतो. सैन्याचा सामूहिक विमा वेगळा आणि त्याचे पैसे नामनिर्देशनाप्रमाणे जातात. आज त्या कागदावर त्याच्या आईचे नाव असेल आणि ते बरोबरच आहे. लग्नानंतर कुणाला किती टक्के हे त्याने आईवडिलांसमोर, तुमच्या देखत सांगावे. आईला काहीच नाही आणि बायकोला सगळे, किंवा त्याच्या उलट, असे झालेले कागद पुढे दोन बायकांना आयुष्यभर एकमेकींपासून तोडतात. (हे वाचणाऱ्या कुणाचा मुलगा अग्निवीर असेल तर ही गणिते लागू नाहीत. तिथे पेन्शन नाही, विमा 48 लाखांचा, रजा वर्षाला 30 दिवसांची, आणि सेवाकाळातल्या लग्नाविषयीचा नियम युनिटकडून समजून घेतल्याशिवाय मुहूर्त काढू नये.)

तो गेल्यावर तुम्ही राहणार कुठे? प्रेमात पडलेल्या मुली हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत. फील्ड पोस्टिंगवर, म्हणजे सीमेकडच्या अशा नेमणुकीवर, बायकोला नेता येत नाही. म्हणजे लग्नानंतर पंधरा दिवसांनी तुम्ही सत्तरीतल्या घरात, ज्याच्यामुळे आलात तो नसताना, अजून अनोळखी असलेल्या माणसांत असाल. नोकरी डिचोलीत. रोज जा-ये करणार, आठवडाभर माहेरी राहून शनिवारी सासरी जाणार, की नोकरी सोडणार? सोडू नका, हे मी ठामपणे सांगते. स्वतःचा पगार आणि स्वतःचे सहकारी हाच वियोगातला सर्वांत भक्कम आधार असतो. फील्डवरच्या जवानांच्या कुटुंबांसाठी काही छावण्यांत वेगळी क्वार्टर असतात, पण तिथे यादी असते आणि नंबर लागायला वेळ जातो. त्याच्या पगारखात्याला तुमचे नाव जोडून ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असणारा’ असे करून घ्या. दरमहा आईवडिलांना किती, घराला किती, शिल्लक किती, हे आकडे एका कागदावर लिहा आणि तिघांकडे एकेक प्रत ठेवा.

परतण्याविषयी अधिक सांगायला हवे, कारण जाण्याची तयारी सगळे करतात आणि येण्याची कुणीच करत नाही. तुम्ही दाबोळीच्या विमानतळावर किंवा थिवीच्या स्टेशनवर उभ्या असाल, तो उतरेल, आणि पुढचे चार दिवस तो नुसता झोपेल. जागा असेल तेव्हा दरवाजाकडे तोंड करून बसेल. ताटात वाढलेले पाच मिनिटांत संपवेल. तुम्ही सहा महिने साठवलेले बोलणे त्याला एकदम पेलणार नाही. दरम्यान तुम्हीही बदललेल्या असाल: गॅस, बिले, सासऱ्यांचे डॉक्टर हे सगळे एकटीने सांभाळायला शिकलेल्या. तो आल्या आल्या त्यात हात घालेल आणि तुम्हाला राग येईल. सात टप्प्यांपैकी सहावा हाच, नात्याच्या अटी पुन्हा ठरवण्याचा, आणि सर्वाधिक भांडणे इथेच होतात. रजेचे पहिले पाच दिवस पाहुणे, नवस, जेवणावळी काही ठेवू नका. मोठे निर्णय दुसऱ्या आठवड्यात घ्या. रजा दिवाळीत पडली तर नरकासुराच्या रात्री रस्त्यावर काय आवाज असतो ते तुम्हाला माहीत आहे. शिगम्याचे ढोल, जत्रेचे फटाके हेही तसेच. त्याला आधी सांगा आणि त्याने यायला नको म्हटले तर ओढून नेऊ नका.

दचकणे, तुटक झोप, चिडचिड पहिल्या काही आठवड्यांत निवळते. महिना उलटूनही वाईट स्वप्ने, माणसे टाळणे, सारखे सावध राहणे चालू असेल, किंवा दारू रोजची झाली असेल, तर तो उपचाराचा विषय आहे. गोव्यात दारू स्वस्त आणि हाताशी आहे, म्हणून यावर डोळा ठेवाच. वैद्यकीय श्रेणी खाली जाईल या भीतीने जवान बोलत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर 2023 पासून पुण्याला चालतो. बांबोळीचे मनोरुग्णालयही आहे, तिथे तुम्ही स्वतःसाठीही जाऊ शकता. तो हात उगारत असेल तर मात्र ‘सीमेवरून आलाय, समजून घे’ हे कुणाचेही ऐकू नका. त्याच दिवशी माहेरी या, महिला पोलीस ठाण्यात नोंद करा आणि त्याच्या कमांडिंग ऑफिसरला लेखी कळवा. युनिट अशा तक्रारीची दखल घेते.

आता तुमचा मूळ प्रश्न. या 20 दिवसांत लग्न करू नका. ही रजा साखरपुड्याला, दोन्ही घरांच्या त्या बैठकीला, वकिलाला आणि कागदांतली नावे जुळवायला वापरा. या काळात सत्तरीला दोन-चार वेळा राहून या, त्याच्या आईबरोबर स्वयंपाक करा, घर कसे चालते ते बघा. पहिले सहा-आठ महिने लडाखचे जाऊ द्या. फोन, पत्रे, रुसवे यातून तुम्ही दोघे कसे निघता ते कळेल, आणि ते अनुभवातूनच कळते. त्याला पुढच्या मोठ्या रजेचा अर्ज तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांवर बेतून करू द्या, निदान 40 दिवसांचा. तालुक्याच्या रजिस्ट्रारकडे दोन सह्यांमधले अंतर आणि पहिल्या सहीची मुदत आधी विचारून ठेवा. पहिली सही रजेच्या पहिल्याच कामाच्या दिवशी. हॉलची तारीख दुसऱ्या सहीच्या तारखेनंतरची धरा, आधीची नको. दाखल्याच्या चार प्रती काढा: एक त्याच्याबरोबर पलटणीत पार्ट टू ऑर्डरसाठी, एक बँकेला, एक सासरी आणि एक तुमच्याकडे. तो युनिटला पोचल्यावर महिनाभरात त्या ऑर्डरचा क्रमांक मागून घ्या आणि तुमच्या प्रतीच्या मागे लिहून ठेवा.